मधमाशीचे छायाचित्र : एका सहनशील विद्येचा इतिहास

तुळशीच्या मंजिरीवर किंवा सूर्यफुलाच्या चकतीवर बसलेल्या मधमाशीचे छायाचित्र आज इतके सर्वपरिचित झाले आहे, आणि शाळकरी मुलाच्या हातातील मोबाइलनेही ते इतक्या अल्प आयासाने सिद्ध होते, की त्याला काही पूर्वपरंपरा असेल, त्यासाठी कोणी आयुष्याची वर्षे वेचली असतील, अशी कल्पनाही पाहणाऱ्याच्या मनास शिवत नाही. वास्तविक माशी फुलावर असताना, जिवंत असताना आणि आपल्या कामात निमग्न असताना तिचे प्रतिबिंब धरून ठेवण्याची ही विद्या चार शतकांच्या प्रयत्नांतून घडली असून तिच्या वाटचालीत एक सूत्र आरंभापासून अखेरपर्यंत दिसते. माणसाने माशीला आपल्या सोयीच्या जागी आणून, बांधून किंवा मारून पाहिले तेव्हा त्याच्या हाती तिचे अवयव आले; परंतु तो स्वतः तिच्या वेळेला, तिच्या प्रकाशाला आणि तिच्या स्वभावाला वश झाला तेव्हाच माशी आणि फूल यांमधील संबंध त्याच्या चित्रात उतरू लागला.

या कथेचा प्रारंभ कॅमेऱ्याच्या जन्मापूर्वी दोन शतके, रोम शहरी होतो. गॅलिलिओने १६२४ साली सूक्ष्म वस्तू मोठ्या करून दाखविणारे आपले यंत्र फेदेरिको चेसी या उमरावाकडे पाठविले, आणि चेसीने स्थापन केलेल्या ‘लिंचेई’ नामक विद्वन्मंडळाच्या सभासदांनी त्या यंत्राखाली सर्वप्रथम ज्या जिवांची बारकाईने तपासणी केली त्यांत मधमाशी प्रमुख होती. या निवडीमागे शास्त्रीय जिज्ञासा होती, तशीच राजदरबारी तजवीजही होती. कारण त्या वेळी पोपच्या गादीवर असलेल्या आठव्या अर्बनच्या बार्बेरिनी घराण्याच्या मुद्रेवर तीन मधमाश्या होत्या. फ्रान्चेस्को स्तेलुती याने सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या निरीक्षणांवरून १६२५ साली जो ताम्रपट कोरला गेला, त्यात तीन माश्या वरून, खालून आणि बाजूने अशा दाखविल्या असून सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने काढलेले हे पहिले छापील चित्र म्हणून त्याची इतिहासात नोंद आहे. डोळ्यांवरील केस, सोंडेचे भाग, पायांची सांधेजोड असा सर्व तपशील त्या पटावर आहे. नाही ते फूल. माशी ज्यासाठी जन्मभर उडते ती वस्तूच चित्रातून गळालेली आहे, कारण यंत्राखाली ठेवलेली माशी मृत होती आणि मृत माशीला फुलाशी काही कर्तव्य नसते.

पुढील दीड शतकात माशीच्या शरीराचे ज्ञान फार वाढले. इंग्लंडात रॉबर्ट हुकने १६६५ साली तिच्या नांगीचे चित्र प्रसिद्ध केले; हॉलंडात यान स्वामरडाम याने पोळ्यातील ज्या मोठ्या माशीला लोक पिढ्यान्‌पिढ्या राजा समजत आले होते तिचे विच्छेदन करून ती अंडाशय धारण करणारी मादी असल्याचे सप्रमाण दाखविले. हे सारे ज्ञान मोलाचे होते, पण ते मेजावरचे होते.

मेजावरून उठून फुलापाशी जाऊन बसण्याचे श्रेय ज्या पुरुषाला द्यावे लागते तो बर्लिननजीकच्या श्पांडाऊ गावचा एक शाळाप्रमुख, क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल, होय. १७८७ च्या उन्हाळ्यात रानजिरेनियमच्या पाकळीच्या बुडाशी असलेली बारीक लव पाहून, ही लव मकरंदाला पावसापासून राखण्यासाठी असली पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. आणि मकरंद राखायचा तो कोणासाठी, हा त्यापुढचा प्रश्न त्यास स्वस्थ बसू देईना. पुढल्या वर्षी एका इवल्या निळ्या फुलाच्या मुखाभोवतालचे पिवळे कडे पाहताना त्याला उमगले, की हे कडे कीटकाला मकरंदाची वाट दाखविणारे चिन्ह आहे. शेकडो जातींची फुले पाहून त्याने १७९३ साली आपला ग्रंथ छापला आणि फुलाचा रंग, आकार, गंध व त्यावरील रेषा यांचे प्रयोजन कीटकाला बोलावण्यात आणि त्याच्याकरवी परागवहन साधण्यात आहे, असा सिद्धांत मांडला. समकालीनांनी त्या ग्रंथाची उपेक्षा केली, लवकरच त्याची शाळेतील जागाही गेली, आणि पन्नास वर्षांनी चार्ल्स डार्विनच्या वाचनात तो ग्रंथ येईपर्यंत त्याची योग्यता कोणास कळली नाही. श्प्रेंगेलजवळ कॅमेरा नव्हता. तथापि एकाच फुलाजवळ निश्चल बसून राहावे, कोण येते, कोठून शिरते, अंगाचा कोणता भाग परागाला लावून बाहेर पडते हे पाहावे, ही जी पद्धत त्याने घालून दिली, तीच पुढे या कलेतील प्रत्येक जाणत्या छायाचित्रकाराची पद्धत झाली. या विद्येचा आद्य आचार्य तो, असे मी मानतो.

१८३९ साली छायाचित्रणाची वार्ता जगापुढे आली, आणि इंग्लंडात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने लवकरच सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने कीटकांच्या पंखांची छायाचित्रे घेतली. पंख मात्र सुटे होते. जिवंत माशी आणि कॅमेरा यांच्यामध्ये तीन अडचणी उभ्या होत्या, आणि त्या एकमेकींत अशा गुंतलेल्या होत्या, की एक सोडवू जाता दुसरी आवळली जावी. माशी लहान, म्हणून भिंग तिच्या अगदी समीप न्यावे लागते. समीप नेले, की स्पष्टतेची खोली इतकी आटते, की मूळ आकाराएवढे प्रतिबिंब घेताना भिंगाचे छिद्र पुष्कळ बारीक केले तरी जेमतेम दोन मिलिमीटरांचा पट्टा रेखीव राहतो, आणि आपल्याकडील सातेरी या मधमाशीची लांबी त्याच्या पाचपट असल्याने डोळा स्पष्ट आला तर शेपटाकडचा भाग पुसट होतो. छिद्र आणखी बारीक करावे तर प्रकाश अपुरा पडतो; शिवाय मूळ आकाराच्या प्रतिबिंबाला दूरच्या दृश्याच्या चौपट प्रकाश लागतो, हा भूमितीचा नियम कोणासही चुकत नाही. प्रकाश अपुरा म्हणून छायाचित्राची काच अधिक वेळ उघडी ठेवावी, तर सेकंदाला सुमारे दोनशे तीस वेळा पंख हलविणारी माशी तेवढ्या अवधीत केवळ एक धूसर डाग होऊन जाते. अंतर, प्रकाश आणि काळ यांचा हा तिढा सोडविण्यात पुढील शतक खर्ची पडले.

काळाची गाठ प्रथम फ्रान्समध्ये सुटू लागली. एत्येन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने १८६९ च्या सुमारास गांधीलमाशीच्या पंखाच्या टोकाला सोन्याच्या वर्खाचा कण चिकटवून, तिला चिमट्यात धरून, काळ्या पार्श्वभूमीवर उन्हात फडफडविले, तेव्हा त्या कणाने हवेत इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी तेजोरेषा काढली. आणि काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर पंखाचा ओझरता स्पर्श नोंदवून त्याने मधमाशीच्या पंखांची गती सेकंदाला एकशे नव्वद इतकी मोजली. १८८२ साली त्याने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा रचला. तो सेकंदाला बारा प्रतिमा घेई. मारेचे काम थोर आहे यात संशय नाही, तथापि त्याच्या प्रयोगातील कीटक चिमट्यात अडकलेला होता, आणि अडकलेला जीव कसा धडपडतो हे कळले तरी मोकळा जीव कसा उडतो हे त्यावरून पूर्णपणे कळत नाही.

हा चिमटा त्याच्याच संस्थेत त्याचा साहाय्यक ल्युसियाँ बुल याने सोडला. डब्लिनमध्ये जन्मलेल्या या मनुष्याने १९०४ साली विद्युत्‌ठिणगीच्या उजेडात सेकंदाला हजाराहून अधिक प्रतिमा घेणारे यंत्र तयार केले. माशी केव्हा उडेल हे माणसास आधी कळत नाही आणि कळल्यावर त्याचा हात वेळेवर चालत नाही, हे ध्यानी घेऊन बुलने अशी योजना केली, की माशीने स्वतःच्या निघण्यानेच यंत्राला हुकूम द्यावा. काचेच्या नळीतून बाहेर पडताना तिने हलकी झडप लोटली, की विजेचा संबंध जुळून ठिणग्यांची मालिका सुरू व्हावी. क्षण निवडण्याचा अधिकार माशीकडे सोपविण्याची ही युक्ती या इतिहासातील पहिले महत्त्वाचे वळण होय. फूल मात्र अजूनही दूरच होते.

रंगाची कथा निराळीच आहे. ल्यूमिएर बंधूंनी १९०७ साली बाजारात आणलेल्या रंगीत काचा बटाट्याच्या पिष्टाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरवे व जांभळे रंगवून केलेल्या होत्या, आणि त्यांवर उद्यानातील पुष्पवाटिकांची अतिशय मनोहर चित्रे उमटत. परंतु त्या काचांना कृष्णधवल काचेच्या कितीतरी पट प्रकाश लागे, म्हणून भर उन्हातही फूल सेकंदभर स्थिर राहील तरच चित्र साधे. त्या काळातील रंगीत बागा पाहताना फुलांची रेलचेल दिसते आणि माशी क्वचितही दिसत नाही, याचे कारण हेच. तेथे माश्या असल्याच पाहिजेत, पण काचेने त्यांची दखल घेतली नाही. १९३५–३६ साली कोडॅक्रोम फिल्म आली, तिची रचना करणारे मॅनेस आणि गोडोव्स्की हे दोघेही व्यवसायाने संगीतज्ञ होते, आणि त्याच सुमारास जर्मनीतील ड्रेस्डेन येथे छोट्या फिल्मवर चालणारा, भिंगातून जे दिसते तेच फिल्मवर उतरविणारा एक्झाक्टा कॅमेरा निघाला. जवळून चित्र घेताना डोळा एका झरोक्यातून पाहतो आणि भिंग दुसरीकडून, या भेदामुळे पूर्वी अर्धी माशी चौकटीबाहेर जात असे. ती अडचण येथे दूर झाली.

यापुढची बहुतेक साधने परकीय पेशांतून उसनी आली. अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन याने १९३१ च्या सुमारास सिद्ध केलेला विद्युत्‌दीप मूळ फिरत्या यंत्रांचे दोष पाहण्यासाठी होता, आणि त्याच्या क्षणिक लखलखाटाने पंखही जागच्या जागी थिजून दिसू लागले. भिंगाभोवती कड्यासारखा बसणारा दीप १९५२ साली लेस्टर डाइन याने दंतवैद्यांना रोग्याच्या जबड्याचे छायाचित्र घेता यावे म्हणून काढला. जपानातील निकॉन कंपनीचे १९५६ चे जवळून पाहणारे भिंग गुंतागुंतीच्या लिपीतील दस्तऐवज फिल्मवर अक्षरशः वाचता यावेत या हेतूने घडले होते. कारखाना, दवाखाना आणि दप्तरखाना यांच्यासाठी झालेली ही साधने बागेत आली ती काही हौशी निसर्गप्रेमींच्या कल्पकतेमुळे, आणि ती एकत्र येताच अंतर, प्रकाश व काळ यांचा जुना तिढा पहिल्यानेच सैल झाला. दीप माशीच्या जवळ नेला म्हणजे प्रकाश विपुल मिळतो. प्रकाश विपुल, म्हणून छिद्र बारीक ठेवता येते. आणि लखलखाट क्षणिक, म्हणून काळही आटोक्यात राहतो. १९७५ साली इंग्लंडच्या स्टीफन डाल्टन याने मुक्त उडणाऱ्या कीटकांच्या छायाचित्रांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील प्रकाशाचा अवधी सेकंदाचा पंचवीस हजारावा हिस्सा होता, आणि प्रकाशशलाका ओलांडून कीटकाने स्वतःच कॅमेरा चालवावा, ही बुलची तजवीज तेथे परिपूर्ण रूपात दिसते.

इतके साधल्यावरही एक मूलगामी प्रश्न उरतोच : आपण जे फूल चित्रित करतो, ते माशी पाहते ते फूल आहे काय? विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात म्युनिकमधील कार्ल फोन हेस या प्रतिष्ठित नेत्रशास्त्रज्ञाचे मत होते, की माश्यांना रंग मुळीच कळत नाहीत. कार्ल फोन फ्रिश या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला हे पटेना. फुलांनी एवढा रंगांचा थाट मांडावा आणि ज्याच्यासाठी मांडावा तो आंधळा असावा, हे श्प्रेंगेलच्या परंपरेत वाढलेल्या मनास मान्य होण्यासारखे नव्हते. त्याने करड्या रंगाच्या नाना छटांच्या पत्त्यांमध्ये एक निळा पत्ता ठेवला, त्यावर साखरेच्या पाण्याची बशी मांडली, आणि माश्या सरावल्यावर रिकाम्या बशा ठेवून पाहिले. पत्त्यांचा क्रम कसाही बदलला तरी माश्या निळ्यावरच उतरत. तांबडा मात्र त्यांना काळ्यासारखा भासे. १९२४ साली आल्फ्रेड क्यूनने माश्या मानवी दृष्टीच्या पलीकडील अतिनील प्रकाशालाही स्वतंत्र रंग म्हणून ओळखतात हे दाखविले, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या निसर्गइतिहास संग्रहालयातील फ्रँक लुट्झ याने अतिनील प्रकाशात घेतलेल्या पुष्पचित्रांसह आपला अभ्यास प्रसिद्ध केला.

या चित्रांनी जे दाखविले ते खरोखर विस्मयकारक होते. माणसाला एकसारखी पिवळी दिसणारी फुले त्या प्रकाशात दुरंगी निघाली. पाकळ्यांची टोके उजळ आणि मकरंदाकडील भाग गडद. आपल्या शेतातील सूर्यफुलाच्या पाकळ्यांवरही असे वर्तुळ आहे आणि ते आपल्यापैकी कोणीही उघड्या डोळ्यांनी कधी पाहिलेले नाही. वाट दाखविणाऱ्या ज्या चिन्हांकडे श्प्रेंगेलने लक्ष वेधले होते त्यांतील कित्येक चिन्हे मनुष्यजातीला अदृश्य होती, आणि नेहमीच्या काचेची भिंगे अतिनील किरण बव्हंशी गिळत असल्यामुळे ती पाहण्यास क्वार्ट्‌झची भिंगे वापरावी लागली. यंत्र माणसाच्या डोळ्याची नक्कल करीत होते तोवर ते माशीच्या जगाबाहेर उभे होते. ते माशीच्या डोळ्याकडे कलले तेव्हा फुलाचा दुसरा चेहरा प्रकट झाला. या विद्येतील सर्वांत उन्नत क्षण मला हाच वाटतो.

आपल्या मुलखातही या विद्येस भरपूर वाव आहे. आग्या, सातेरी, फुलोरी आणि नांगीविरहित पोया या मध साठविणाऱ्या माश्या आपल्याकडील लोकांना पूर्वापार ठाऊक आहेत; सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वराच्या परिसरात सातेरी पेटीत पाळण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या मध्यास रुजला; पुण्यास १९६२ साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था स्थापन झाली; आणि २०२२ साली महाबळेश्वरनजीकचे मांघर ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा यांचा बहर केव्हा येतो, कारवी किती वर्षांच्या अंतराने फुलते, दिवसाच्या कोणत्या प्रहरी माशी कोठे जाते, हे तेथील मधपाळास मुखोद्गत असते, आणि छायाचित्रकारास लागणारे खरे ज्ञान हेच आहे. माशी एका फेरीत बहुधा एकाच जातीच्या फुलांवर जाते, ही गोष्ट ॲरिस्टॉटलनेही नोंदविली आहे. म्हणून जाणता छायाचित्रकार माशीमागे न धावता त्याच जातीच्या पुढल्या फुलापाशी कॅमेरा रोखून थांबतो. माशीला वेळेचे भान असते, हे १९२९ साली फ्रिशच्या शिष्या इंगेबोर्ग बेलिंग यांनी सिद्ध केले. म्हणून ज्या फुलाचा मकरंद सकाळी सुटतो त्याच्याकडे दुपारी जाण्यात अर्थ नसतो. तुळशीवर येणाऱ्या निळ्या पट्ट्यांच्या एकांड्या माशीचे नर रात्री वाळक्या काडीला जबड्याने चावा घेऊन लटकत झोपतात, आणि ऊन अंगावर येईपर्यंत हालत नाहीत. हे ज्याला माहीत आहे त्यास पहाटेच्या मंद उजेडातही, दीपाची मदत न घेता, सावकाशपणे चित्र साधता येते.

भीमाशंकरच्या अरण्यात तर याहूनही नवलाची गोष्ट आढळली आहे. तेथील वारस वृक्षाच्या फुलांना भेट देणाऱ्या सुतारमाश्यांपैकी, ज्यांना आपण भुंगे म्हणतो, एक जात खरोखर निशाचर आहे. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही माशी ताऱ्यांच्या उजेडातही रंग ओळखते हे दाखविले. त्या उजेडात माणसाला रंग दिसतच नाहीत. दृष्टीच्या बाबतीत माणूस हा प्रमाण नव्हे, हे फ्रिश आणि लुट्झ यांनी युरोप-अमेरिकेत दाखविले होते. तेच सत्य सह्याद्रीच्या अंधारात पुन्हा सिद्ध झाले.

आज अंकीय कॅमेऱ्यामुळे निराळ्या अंतरांवर घेतलेली अनेक चित्रे एकत्र जुळवून नखशिखान्त रेखीव माशी दाखविता येते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात सॅम ड्रोएज यांच्या देखरेखीखाली काळ्या पार्श्वभूमीवर काढलेली अशी चित्रे जगभर पाहिली जातात, आणि जाती ओळखण्याच्या कामी त्यांचे मोल मोठे आहे. त्यातील माश्या मृत नमुने असतात. एका अर्थी स्तेलुतीचाच ताम्रपट तेथे पूर्णत्वास गेला आहे. त्या कामाचा मी आदर करतो, परंतु ते फुलावरील माशीच्या चित्राची जागा घेऊ शकत नाही. मृत नमुना माशी कोण आहे हे सांगतो. फुलावरील चित्र ती कोणाकडे गेली, कोणत्या ऋतूत गेली, परागाचा कोणता रंग पायांवर घेऊन निघाली, हे सांगते. आल्फ्रेड रसेल वॉलेसने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंडोनेशियाच्या बेटांवर मिळविलेली जगातील सर्वांत मोठी माशी संग्रहालयाच्या पेटीत दीडशेहून अधिक वर्षे राहिली, आणि जिवंतपणी तिचे पहिले छायाचित्र क्ले बोल्ट यांनी २०१९ साली घेतले, तेव्हा ती जात अद्याप नांदते आहे याची ग्वाही जगाला चित्ररूपाने मिळाली.

म्हणूनच घरच्या अंगणात कॅमेरा घेऊन बसणाऱ्या सामान्य माणसाचे काम मी क्षुल्लक मानत नाही. तारीख, वेळ, गाव आणि फुलाचे नाव यांसह जपून ठेवलेले प्रत्येक चित्र म्हणजे त्या गावच्या निसर्गाच्या दप्तरातील एक नोंद असते, आणि शिवारातील पिके बदलत असताना, जुनी झाडे तुटत असताना व फवारण्या वाढत असताना कोणती माशी कोणत्या फुलावर येत होती हे पुढील पिढीला सांगणारा पुरावा अशा नोंदींवाचून दुसरा कोठून मिळणार? या नोंदीसाठी महागड्या भिंगाची गरज नाही. श्प्रेंगेलने एका फुलापाशी बसून जी चिकाटी दाखविली तिची गरज आहे, आणि माशीला फुलावरून हुसकून, पकडून किंवा गारठवून चित्र साधण्याचा मोह आवरण्याची गरज आहे. कारण असे साधलेले चित्र कितीही सुबक असले तरी त्यातून माशी आणि फूल यांच्या नात्याविषयी जे कळते ते खोटे असते, आणि चार शतकांच्या साधनेने ही विद्या जेथवर पोहोचली आहे तेथून मागे जाण्याचे आपल्याला काही कारण नाही.